हॉलमधून जाणारी वाट

"समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण तिथवर जायचा हक्क मला तोंडपाठ आहे," असं ती एकदा वर्गात म्हणाली होती. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

वय अडतीस. बारा वर्षांची टायपिस्टची नोकरी सोडून ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एम.ए.ला बसली होती. प्रबंधाचा विषय, किनारा नसलेले देश आणि शेजाऱ्याच्या भूमीतून समुद्रापर्यंत त्यांनी मागायची वाट. थोरला भाऊ फोनवर म्हणायचा, "अगं, देशांची भांडणं सोडवायला तुला कोण बोलावणार आहे? इकडे ये, निदान माणसांत राहशील." ती म्हणायची, "जेवलास का, दादा?"

तिची भाड्याची खोली घराच्या अगदी आत. बाहेर पडायचं तर घरमालकीण मावशींच्या हॉलमधूनच. सोफ्यावर किती जण बसलेत हे तिला दाराआडून नुसत्या कानांनी कळायचं. कोणी असलं की ती थांबायची. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणीही बेतानेच प्यायची. कधी कधी अख्ख्या दिवसात तिला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू यायचा तो दुकानात काही मागताना.

तोंडी परीक्षेच्या सकाळी मावशींच्या मुलीला पाहायला मुलाकडची माणसं आली. दहाला उठणार होती. साडेदहा झाले तरी हसणं चालूच. परीक्षा अकराला, दहा मिनिटांच्या अंतरावर; चुकली तर वर्ष गेलं.

चादर काढायच्या निमित्ताने मावशी आत आल्या आणि कुजबुजल्या, "बाहेर यायचं नाही हं. घरात भाडेकरू ठेवलाय हे कळलं तर शोभा होईल. मी सांगितलंय, या खोलीत अडगळ आहे."

"अडगळीची आज परीक्षा आहे, मावशी."

"चेष्टा पुरे. अर्धा तास कळ काढ."

"अर्ध्या तासात माझं नाव पुकारतील."

मावशींचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या. ती तापाने पडली तेव्हा दोन दिवस उशाशी बसल्या होत्या. "पोरीचं ठरायचंय गं," त्या म्हणाल्या. "बाहेर आलीस तर उद्या सामान उचल. मग मला मावशी म्हणू नकोस."

दार लागलं. पलंगावर बसून तिने प्रबंध चाळला. एकशे बारा पानं. हक्क आहे, पण वाट शेजाऱ्याशी बोलून ठरवावी, असं तिनेच जागोजागी लिहिलं होतं. बोलून तर झालं होतं. पावणेअकरा झाले.

तिने दार उघडलं. हसणं मध्येच तुटलं. कप हातात धरलेली एक जाड बाई म्हणाली, "अगंबाई, ही कोण?"

"ही... आमची..." मावशी म्हणाल्या. त्या हातातल्या चादरीची घडी पुन्हा घालू लागल्या.

पाहुण्यांनी पाय आवरले. त्यांचे गुडघे आणि टीपॉय यांच्यामधून, फाईल छातीशी धरून, ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.