नानासाहेबांची नळी आणि भोंग्यातली शांतता

तुमच्या घरात कोणी मोठ्याने घोरतं का? आणि घोरता घोरता ते माणूस मध्येच गप्प झालं, की ‘सुटलो एकदाचे’ म्हणून तुम्ही कूस बदलता का?

बदलत असाल, तर हे तुमच्यासाठीच लिहिते आहे.

त्या दिवशी मी तालमीच्या दारात उभी होते. दारात म्हणजे दारातच. बाईचं पाऊल आखाड्याच्या लाल मातीला लागलेलं चालत नाही. आत नानासाहेब लंगोट लावून मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या तोंडात मी दिलेली प्लास्टिकची नळी होती. बाई चालत नव्हती. बाईने दिलेली नळी चालत होती.

मी राहुरीच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, मणके, छाती यांचे व्यायाम देते. नानासाहेब म्हणजे साठीचे जुने पैलवान, तालमीचे मालक, जत्रेच्या कुस्त्यांचे कायमचे पंच. हॉस्पिटलची जागा त्यांनीच दिलेली. त्यामुळे आमच्या डॉक्टरसाहेबांचा कणा त्यांच्यासमोर आपोआप वाकतो. मी मणक्याचे व्यायाम देते, पण त्या दुखण्यावर माझ्याकडे व्यायाम नाही.

नानासाहेबांना स्लीप अॅप्निया होता. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना रात्रभर वायरी लावून झोपवलं आणि निदान केलं. आजार समजायला सोपा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असली की घसा आतून चेपतो आणि श्वास बंद होतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हेच. माणूस सकाळी उठतो तो थकलेलाच आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो.

उपाय म्हणून पुण्याहून एक मशीन आलं. त्याचा मास्क नाकावर बांधून झोपायचं. मशीन हलक्या दाबाने हवा सोडत राहतं, घसा मिटत नाही. नानासाहेबांना चालताना दमही लागायचा, म्हणून जोडीला ती नळी दिली होती. नळीत स्प्रिंगची झडप असते. जोर लावून श्वास ओढला तरच ती उघडते. बटण पिळलं की स्प्रिंग घट्ट होते, म्हणजे रेझिस्टन्स वाढतो. दंडासाठी डंबेल्स, तशी श्वासाच्या स्नायूंसाठी ही नळी. पण जेवण मास्क होता आणि नळी होती चटणी.

नानासाहेबांनी ताट सरकवून दिलं आणि चटणीवर ताव मारला.

मास्क त्यांनी एकदा बांधला. सून तोंडाला पदर लावून हसली. मशीन खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं.

“नानासाहेब, मास्क का लावत नाही?” मी दारातूनच विचारलं.

“आगं पोरी, मुसकं बैलाला घालत्यात. पैलवानाला न्हाई. ही नळी बघ कशी मर्दानी हाय!” त्यांनी बटण शेवटपर्यंत पिळलं, डोळे वटारून श्वास ओढला आणि नळी शेजारच्या पठ्ठ्याच्या हातात दिली. त्याने ओढली, पुढच्याला दिली. चिलीम फिरावी तशी नळी तालीमभर फिरली.

“अहो, ती एकट्याने वापरायची असते!”

“तालमीत एकट्याचं काय नसतं. थंडाईचा लोटा बी एकच असतो.”

मी त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. “नानासाहेब, विहिरीवरची मोटर दणकट आहे, पण पाण्यातला पाइप मऊ पडून चेपतोय. मोठी मोटर बसवून पाणी येईल का?”

“न्हाई येनार.”

“मग?”

“पन ही मोटर पैलवानाची हाय.”

तालीम खदाखदा हसली. मळ्यावर एखादा गडी असं बोलला असता तर याच नानासाहेबांनी त्याला कामावरून काढलं असतं.

दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी, माई, ओपीडीत आल्या. गुडघा दाखवायला आल्याचं नाव होतं. गुडघा ठणठणीत होता.

“ताई, परवा जीप पाटाच्या कडंला गेल्ती,” त्या हळूच म्हणाल्या. “पुढच्या चाकाखाली माती ऱ्हायली म्हनून वाचले. मागं तालमीतली पोरं बसल्याली. एक वरडलं, तवा ह्यांना जाग आली.”

“जीप तेच चालवतात?”

“दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी पोरं घिऊन वांबोरीच्या घाटातनं जायचंय. रातीला त्यांचा आवाज बंद पडला की मी हलवून उठवते. पन जीपमधी मी नसते, ताई.”

मी तडक डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, नानासाहेबांना गाडी चालवू नका म्हणून तुम्ही सांगा. मास्क लावत नाहीत ते.”

“नळी करतात ना?”

“नळीने झोपेत घसा उघडा राहत नाही, सर.”

“पण फरक आहे हो. चेहऱ्यावर तेज आलंय.”

“ते तेल आहे. तालमीत मालिश असते.”

साहेब हसले नाहीत. “मॅडम, तुमच्या घरचे चळवळीची पत्रकं वाटायचे असं ऐकलंय. इथे पेशंट दुखवायचे नसतात. मास्क आपण ऐच्छिक ठेवू.”

ऐच्छिक! आमच्या घरी पत्रकं खरंच निघायची. वडील जयंतीला ती चौकात उभे राहून वाटायचे. त्यांतले अवघड शब्द मी लहानपणीच शिकले, पण हा शब्द त्यांत कधी भेटला नव्हता. आता कळला. ज्याला सांगायची भीती वाटते त्याच्या आजारावरचा उपचार ऐच्छिक असतो.

जत्रा आली. दुपारी मटणाचं जेवण झालं आणि हगामा सुरू झाला. जत्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडे हगामा म्हणतात. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पंचांचं टेबल, मधे लाल माती. डॉक्टरसाहेब फेटा बांधून प्रमुख पाहुणे. टेबलाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी. तिथे मला परवानगी होती, कारण तिथे सतरंजी होती.

निवेदक माइकवर ओरडला, “मंडळीऽऽ! नानासाहेब आता श्वासाचं विलायती यंत्र ओढून दाखवत्यात! छाती बघा! दम बघा!” हलगी कडाडली. नानासाहेबांनी बटण पिळलं, नळी ओढली. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात आमच्या साहेबांनी वाजवल्या.

मग पंच खुर्चीत बसले. माइक त्यांच्यासमोरच राहिला. मैदानात एक जोड जुंपली आणि अडकून बसली. कोणी कोणाला हलवेना. नानासाहेबांची हनुवटी हळूहळू छातीवर आली.

आणि चारी भोंग्यांतून घोरणं सुरू झालं.

जत्रा फुटली हसून. “आरं, ट्रॅक्टर कुनी चालू केला?” “पंच चितपट!” निवेदक लाजेने लाल झाला आणि माइक उचलायला धावला. मी त्याचं मनगट धरलं.

“राहू द्या.”

“अवो मॅडम, इज्जत जाती!”

“जाऊ द्या.”

घोरणं तुटलं. “बंद पडला ट्रॅक्टर!” कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. पण भोंगे गप्पच राहिले. हशा विरला. हलगीवाल्याचा हात थांबला. मातीतले दोन पैलवानही एकमेकांना धरून वर बघू लागले. इतक्या माणसांत कोणी खोकलंसुद्धा नाही. मग विहिरीतून वर काढलेल्या माणसाने घ्यावा तसा एक श्वास भोंग्यांतून फुटला आणि पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं.

पुन्हा घोरणं. आता कोणी हसलं नाही. पुन्हा ते तुटलं.

बायकांच्या अंगाकडून माई उठल्या. टेबलापर्यंत जवळची वाट मातीतून होती. माई मातीतूनच आल्या. तालमीत डाव शिकवणारे वस्ताद त्यांना अडवायला पुढे झाले, माईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकले. माईंनी नवऱ्याचा खांदा गदागदा हलवला.

“अवो, उठा!”

नानासाहेब दचकले. “काय झालं? कोन पडलं?”

“तुमी. श्वास बंद पडल्याला समद्या जत्रंनं ऐकलं.” माईंनी हात पुढे केला. “जीपची किल्ली द्या.”

“आगं, हितं चारचौघांत...”

“चारचौघांतच द्या. उद्या घाटातनं ह्या मानसांचीच पोरं न्यायचीत.”

हे सगळं माइकवर गेलं. नानासाहेबांनी गर्दीकडे पाहिलं. कोणीतरी हसेल, म्हणजे आपणही हसून वेळ मारून नेऊ, असा त्यांचा विचार असावा. कोणी हसलं नाही. त्यांनी किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी घाटातून जीप वस्तादांनी नेली. खोकं माळ्यावरून खाली आलं. मास्क आता रोज लागतो. वीज गेली की माई मशीनची जागा घेतात, पूर्वीसारख्याच. नळीही चालू आहे, धुतलेली, एकट्याची, बटण मी सांगेन तिथे. दम कमी लागतो, हे मी मान्य करते. नळीचा तेवढाच वायदा होता.

आमचे साहेब आता सांगतात, “मी फिजिओला तिथे मुद्दामच बसवलं होतं.” आणि आखाड्याच्या मातीत दुसऱ्याच दिवशी ताजी हळद आणि लिंबं पडली. माईंच्या पावलाने ती बाटली होती म्हणे. नवरा वाचला, माती बाटली. हिशेब गावाने असा मांडला.

मी यातून एवढंच शिकले की जोडीचा उपाय माणसाला फार आवडतो, कारण तो दिवसा, चारचौघांत, छाती काढून करता येतो. खरा उपाय अंथरुणात, कोणी टाळ्या वाजवत नसताना करावा लागतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. आज घरातलं घोरणारं माणूस झोपलं की थोडा वेळ शेजारी बसा. आवाज तुटला तर कूस बदलू नका, छातीकडे बघा. श्वास अडकत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि त्याआधी, सकाळी ते उठायच्या आत, खुंटीवरची गाडीची किल्ली काढून तुमच्याकडे ठेवा.