उदगीरची लढाई आमच्या अंगणात

बायांनो, चौथी शिकलेली हाय मी, चुका पोटात घाला. पण आजचं सांगितल्याबिगर राहवत न्हाई.

माझी नात फौजेत कॅप्टन हाय. सुट्टीला निलंग्याला आली, तर इथंबी काम. जुन्या काळी उदगीरला पेशवे अन् निजामाची लढाई झाली, ती आजच्या फौजेच्या पद्धतीनं आखून दाखवायची म्हणे. सकाळी अंगणात तिनं मातीचा किल्ला केला, रांगोळीनं वाटा काढल्या. मी कौतुकानं ज्वारी आणून दिली, ती झाली फौज. शेजारणींनाबी बोलावलं बघायला, लई मिरवून घेतलं मी.

मग लढाई सुरू व्हायच्या आधीच तिनं मूठभर दाणे बाजूला काढले.

"हे कोण गं?"

"हे पडणार, आजी. आधीच धरून चालावं लागतं."

"अजून तर कुणी तलवार उचलली न्हाई."

"धरलं तरच वैद्य, पाणी, डोल्या मागं तयार ठेवता येतात. न्हाई धरलं की माणसं तडफडत पडतात."

खरं हाय तिचं. पण माझा जीव थाऱ्यावर राहिना. विचारलं, "अन् तू असतीस तर कुठं असतीस?"

तिनं एक दाणा उचलला अन् किल्ल्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढं ठेवला.

परवा ती परत जाणार हाय. तो दाणा मागं सरकवायला मी बोट पुढं केलं, अन् तसंच आवरलं. तिनं स्वतःच्या हातानं ठेवलेला होता ना. तुमच्यातल्या कुणाचं लेकरू फौजेत असंल तर सांगा, तुम्ही सरकवला असता का?