अम्माने लपवलेलं सूप

मी चित्रकला शिकायला पुण्याला निघाले तेव्हा अम्मा सोलापूर स्टेशनवर सोडायला आली होती. सगळं सामान तिने चढवलं, पण माझ्या चित्रांचा फोल्डर मात्र पदरात धरून वर दिला. म्हणाली, "हाताचा तंबाखूचा वास लागंल." आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी विणकर माणसं. वडील, म्हणजे नाना, मागावर आणि अम्मा दारातल्या उजेडात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. माझं शिक्षण त्या सुपातूनच निघालं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गाडी हलली आणि तो वास मागे राहिला तेव्हा मला हायसं वाटलं.

कॉलेजात कुणी विचारलंच तर मी सांगायचे, आई हाउसवाइफ आहे.

पुढे मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. अशा पुस्तकात शेवटच्या पानावर लेखक-चित्रकारांची ओळख असते, ती मी अधाशासारखी वाचायचे. कुणी चहाच्या मळ्यात वाढलेलं, कुणी बँकेतली नोकरी सोडून डोंगरात राहायला गेलेलं, कुणी बोटीवर स्वयंपाकी होतं. माझ्या नावाखाली आपलं 'पुण्यात राहते'. एकदा मीटिंगमध्ये संपादकबाईंनी सहज विचारलं, घरी कुणी चित्रं काढायचं का? मी म्हटलं, नाही, आई विड्या वळते. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे नव्याने बघायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात 'विडी कामगार आईची मुलगी' हे ठरलेलं. इतकी वर्षं जी गोष्ट झाकून ठेवली तीच मी बाजारात मांडली, आणि तीही अम्माला न विचारता. तिला मराठी वाचताना अक्षरं जुळवावी लागतात, त्यामुळे निभावून गेलं.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीही थोडंफार हेच करता. डब्यातल्या कडक भाकरीची एके काळी लाज वाटायची, आता तिचेच फोटो टाकता. पण भाकरीला काही वाटत नाही.

मागच्या वर्षी नव्या पुस्तकासाठी माझा घरातला फोटो हवा होता. फोटोग्राफर बाईंना घेऊन मी सोलापूरला गेले. अम्माने फरशी धुऊन ठेवली होती, गजरा माळला होता आणि लग्नाकार्याला नेसायची रेशमी साडी नेसली होती. दारातली तिची जागा रिकामी होती. बाईंनी अदबीने विचारलं, "त्या विड्या वळतात ते सूप दिसत नाही?"

अम्माने माझ्याकडे बघितलं. "आता न्हाय वळत मी," ती म्हणाली.

ती रोज वळत होती. आणि सूप शेजारच्या लक्ष्मीअक्काकडे असणार हे मला लगेच कळलं. मला कुणी पाठवलं नव्हतं. मीच गेले, सूप उचलून आणलं आणि अम्माच्या मांडीवर, त्या रेशमी साडीवर ठेवलं.

तिने सुपाखालची साडी चाचपली. मग तिने विचारलं, "साडी बदलू का?"

बाई म्हणाल्या, "रोजची नेसलात तर फारच छान." तोंड उघडायची ती वेळ होती आणि मी पिशवीतून पुस्तकं काढत बसले. अम्मा आत गेली, विटकी साडी नेसून आली आणि मी तिच्या शेजारी बसून हसले. निघताना मी काहीतरी पुटपुटले, तर म्हणाली, "तुझं काम झालं न्हवं? मग बास की."

फोटोचं खूप कौतुक झालं. पूर्वी माझं पुस्तक आलं की अम्मा ते गल्लीभर फिरवून आणायची. अगदी विड्या घेणाऱ्या कारखान्यातसुद्धा न्यायची. हे मात्र तिने शेवटचं पान बघून मिटलं आणि कपाटात टाकलं. कुणालाच दाखवलं नाही. हे मला लक्ष्मीअक्काने फोनवर सांगितलं, चांगलं सुनावतच सांगितलं.

गेल्या महिन्यात मी एकटीच गेले. माफी मागायची असं ठरवून, गाडीत वाक्यं जुळवत. येतेय एवढंच फोनवर कळवलं होतं. दारात अम्मा उभी होती. फरशी ओली, केस विंचरलेले, अंगावर तीच रेशमी साडी आणि दारातली जागा रिकामी.

"अम्मा, सूप कुठंय?"

"अक्काकडं ठेवलंय. तू येणार होतीस की," ती म्हणाली. रागाने नाही. दूध झाकून ठेवलंय म्हणून सांगावं तसं. मग नेहमीसारखं तेलुगूत, "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का, आणि माझ्यासमोर नवं ताट मांडलं.

जुळवलेली वाक्यं तशीच ठेवून मी जेवायला बसले. कुणी येणार असलं की आवरून ठेवायचं असतं, आणि आता येणारी मी होते. मी होते तोवर अम्माने विडीला हात लावला नाही, पाहुण्यासमोर बसावं तशी हात मांडीवर घेऊन बसून राहिली. दुपारची गाडी धरून मी लवकर निघाले. ती अक्काकडे जाऊन सूप घेऊन आली असेल, साडी बदलून दारातल्या उजेडात बसली असेल. माझं घर आता तेवढंच आहे, मी निघून गेल्यावर सुरू होणारं.