उल्काच्या अंगणातले शिंजीर

उल्का सबनीस सतरा वर्षं कतारमधल्या अल खोरला राहते आहे. तिचा नवरा सदानंद रास लफानच्या गॅस प्रकल्पात मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहे. पहाटे पाचला कंपनीची बस त्याला घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. दोघंही मूळचे नाशिकचे. एकुलती एक मुलगी अंतरा इथल्याच शाळेत शिकली आणि बाविसाव्या वर्षी एम.एस. करायला अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनला गेली.

तिथे तिच्या खोलीच्या बाल्कनीत हमिंगबर्ड यायचे. अंगठ्याएवढा पक्षी, हवेत एका जागी थरथरत उभा राहून रस पिणारा. अंतराने साखरपाण्याची काचेची लाल बाटली टांगली होती. उल्काचा पहाटेचा चहा व्हायचा तेव्हा तिकडे आदली संध्याकाळ असायची. अंतरा फोनचा कॅमेरा बाटलीकडे वळवून ठेवायची.

"आई, लूक, हाऊ दे फाइट! एवढुसे आहेत आणि किती भांडतात."

"आमच्या नशिबात नाहीत बाई असले पक्षी," उल्का म्हणायची. "इथे आपली कबुतरं आणि साळुंक्या."

"पण सनबर्ड्स आहेत ना कतारमध्ये. मी वाचलंय."

सनबर्ड म्हणजे आपला शिंजीर. नाशिकला माहेरच्या जास्वंदीवर उल्काने तो शेकडो वेळा पाहिला होता, पण वाळवंटात तो येईल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

जूनमध्ये अंतरा सुट्टीला आली ती तसलीच एक बाटली घेऊन. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग नाही, मध नाही, असं आईला बजावून तिने ती मागच्या अंगणात टांगली. दहा वाजेस्तोवर पाणी चहासारखं तापलं. दुपारी त्याला आंबूस वास आला, आणि संध्याकाळी भिंतीवरून मुंग्यांची रांग लागली. दोघी मायलेकी हसून हसून खाली बसल्या.

मग अंतराने वेगळं ठरवलं. बाटली नको, फुलंच लावू. नर्सरीतल्या अब्बासने त्यांना हमेलियाची तीन रोपं दिली, शेंदरी, लांबट नळ्यांसारख्या फुलांची. "बाजी, रेत में मत लगाना, मीठी मिट्टी डालना," असं सांगून बिनखाऱ्या मातीची पोतीही गाडीत टाकली. पंचेचाळीस डिग्रीत अंतराने स्वतः खड्डे खणले. परत जाताना विमानतळावर ती म्हणाली, "पक्षी आला की लगेच फोन कर. मी झोपले असले तरी."

नोव्हेंबरात, सायकलवरून लायब्ररीतून परतताना, एका गाडीने अंतराला उडवलं. ती जागच्या जागी गेली.

सदानंदकडे कंपनीच्या ट्रेनिंगसाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा होता. उल्काकडे नव्हता. खूप धडपड करून तारीख मिळाली ती नऊ दिवसांनंतरची. तो एकटाच गेला. ती नाशिकला दिरांच्या घरी जाऊन वाट पाहत बसली. अकराव्या दिवशी पेटी आली. पेटी उघडली, पण चेहऱ्यावरचं कापड कोणी बाजूला केलं नाही.

"उल्का, ती आठवते तशीच राहू दे," मोठे दीर म्हणाले.

तिने सदानंदकडे पाहिलं. तो खाली बघत उभा होता. उल्काने कापडावरून हात फिरवला. कपाळ कुठे, गाल कुठे, तिला नीट कळलं नाही. मग माणसांनी तिला मागे घेतलं.

जानेवारीत दोघं अल खोरला परतले. सदानंद पुन्हा बसने जाऊ लागला. घरात भाजी काय करू, गॅस संपलाय, एवढंच बोलणं उरलं. तिकडे त्याने काय पाहिलं हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तिला वाटायचं, तो बापाच्या डोळ्यांनी बघून आला आणि मला कोणी बघू दिलं नाही. त्याला काय वाटत होतं हे तिला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती कपडे वाळत घालत होती. हमेलिया आता तिच्या खांद्याएवढी झाली होती आणि फुलांनी भरली होती. तिथून चिवचिव ऐकू आली. काळाभोर नर, उन्हात जांभळा चमकणारा, फुलात बाकदार चोच घालत होता. मागे पिवळट मादी होती. उल्काने ओला हात गाऊनला पुसला, घाईघाईने फोन उचलला, अंतराचं नाव काढलं, आणि मग फोन तसाच धरून पायरीवर बसली.

त्यानंतर ते दोघे रोज येऊ लागले. बायका सांगतात, अशा वेळी मन पक्ष्यात रमतं. उल्काचं रमलं नाही. तो आवाज तिला सहन होईना. तिची पोर हे बघायला नाही, मग हे आले कशाला? ती दार लावून घेई, पडदा ओढून घेई. आवाज तरी यायचाच.

मार्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी तिने मोठी कात्री घेतली. सदानंदला शुक्रवारची सुट्टी, तो आत पेपर वाचत होता. तिने पहिलं झाड बुडापर्यंत छाटलं. दुसरं छाटलं. तिसऱ्याची एक जाड फांदी खाली पडली तेव्हा पानांतून काहीतरी लोंबताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, सुकल्या गवताची, मुठीएवढी पिशवी. आत दोन अंडी होती. एक फुटलं होतं.

मादी भिंतीवर बसून ओरडत होती.

उल्काने फांदी उचलली. उरलेल्या खोडाला ती ओढणीने बांधली, पाणी घातलं, आणि आत जाऊन खिडकीतून बघत राहिली. मादी दोनदा आली. घरट्याजवळ भिरभिरली, आत शिरली नाही. तिसऱ्यांदा आलीच नाही. दुपारी फांदीची पानं मान टाकू लागली. उल्का बाहेर गेली आणि तिने उरलेल्या अंड्याला बोट लावलं. ऊन असूनही ते तिला गार वाटलं.

सदानंद बाहेर आला तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती.

"मी मारलं हो," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. मी बघितलंच नाही आत."

तो तिच्याशेजारी मातीतच बसला. मग तिने, चार महिन्यांत पहिल्यांदा, विचारलं, "कशी दिसत होती ती?"

सदानंदने चष्मा काढला. "डावी बाजू तशीच होती. अगदी झोपल्यासारखी. उजवी... उजवी नव्हती नीट. मी दादाला सांगितलं होतं, उल्काला दाखवू नकोस. मीच सांगितलं होतं."

"तुम्ही?"

"मला एकट्याला ते रोज दिसतं. पुरे झालं ना एकाला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून ती दिरांवर रागावली होती, नवऱ्याच्या गप्प बसण्यावर रागावली होती. आता राग कुठे ठेवावा तिला कळेना. तो हमसून हमसून रडू लागला, आणि ती त्याची पाठ थोपटत राहिली.

"कान?" तिने थोड्या वेळाने विचारलं. "कानात काय होतं?"

"तुझे मोत्याचे."

हमेलिया चिवट झाड. ऑक्टोबरपर्यंत ती बुडापासून पुन्हा फुटली. थंडीत शिंजीर आले, तेच की दुसरे कोण जाणे. उल्का झाडांना पाणी घालते आणि आत जाते. बघत उभी राहत नाही. कात्री तिने अब्बासला देऊन टाकली.

दर शुक्रवारी ती सदानंदला टूसॉनमधलं काहीतरी एक विचारते. खोलीत चादर कोणती होती. फ्रिजमध्ये काय उरलं होतं. चपला दाराशी होत्या का. तो आठवून आठवून सांगतो. तिकडे तो नऊच दिवस होता. सांगण्यासारखं आता थोडंच राहिलंय, हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून ती एका वेळी एकच विचारते.