पथ्याचा झाला उपास

माझी थोरली जाऊ शेवंती, एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. मी तिला वहिनी म्हणायचे आणि रोज तिच्याशी भांडायचे. दिंडोशीच्या वसाहतीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. सकाळी तिच्या तव्यावर आंबोळी पडली की माझी पोरं माझा चहा टाकून तिकडे पळायची.

शहाऐंशी साली तिचं पोट बिघडलं. चार घास खाल्ले की फुगायचं, जिभेवर पांढरा थर, अंगाला खाज. एक डॉक्टर म्हणाला गॅस, दुसरा म्हणाला जंत. शेवटी बोरीवलीला श्यामकांत डॉक्टरांकडे नेलं. तरुण माणूस, परदेशातली नवी पुस्तकं वाचणारा. म्हणाले, "आतड्यात यीस्ट वाढलं असावं. पाव फुगवायला घालतात ना, त्याच जातीचं. साखर, गूळ, पाव, आंबवलेलं सगळं बंद. भात-पोळीसुद्धा अगदी थोडी. नक्की सांगता येत नाही, पण करून बघा."

पोटात पाव फुगवायचं काहीतरी वाढतंय हे ऐकून वहिनीनं पदर पोटावर घट्ट ओढून घेतला. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "पण मी पाव खातंयच खंय?"

घरी येऊन तिनं सरळ अर्थ लावला. आंबोळी नाही, पाव नाही, भात नाही, म्हणजे उपासच की. आणि उपासाला काय खायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ, संध्याकाळी उकडलेली रताळी. मासळी आपोआपच गेली. चहा मात्र बिनसाखरेचा, डॉक्टरांचा शब्द म्हणून. त्यात उपाशी राहायचंच आहे तर फुकट कशाला, म्हणून तिनं गावच्या रवळनाथाला सांगून टाकलं: माझ्या माणिकचं पहिलं बाळंतपण माझ्या घरात सुखरूप होऊ दे, तोवर उपास मोडणार नाही.

माणिक तिची एकुलती लेक, मुलुंडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि वहिनीचा सगळा जीव त्यात अडकलेला. बाळंतविड्याची दुपटी केव्हाच शिवून झाली होती.

पण पोट काही उतरेना. "डोहाळजेवण नक्की कोणाचं करायचं गं?" मी चिडवलं. ती हसली नाही. म्हणाली, "माका काय कळणा नाय गे. मी इतक्या पाळतंय, तरी असा कसा?" मग तिला आठवलं, पोरांसाठी आंबोळीचं पीठ कालवताना बोट चाटलं होतं. उपास मोडला, म्हणून देव रागावला. तिनं खिचडीही सोडली आणि नुसत्या केळ्यांवर राहिली. मला हसावं की कपाळ बडवावं समजेना.

एका सकाळी ती नळावर चक्कर येऊन पडली. बातमी मुलुंडला पोचली आणि माणिकच्या सासूचा निरोप आला: विहीणबाईंना झेपायचं नाही, बाळंतपण इथेच करू. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं अभिमानानं सांगितलं.

"मावशी, साबुदाणा, रताळी, केळी... हे तर त्या यीस्टचं आवडतं जेवण. कोणी सांगितलं हे?"

"उपासाक दुसरा काय खातत?"

"उपास कुठे सांगितला मी? भाज्या खा, अंडी खा. मासे खा ना, मालवणच्या तुम्ही."

परत येताना ती एकच विचारत होती. मासे खाल्ले तर नवस मोडतो, नाही खाल्ले तर उभं राहवत नाही. मग करायचं काय? मला संताप आला. मी बांगड्याचं तिखलं केलं, पान तिच्यापुढे ठेवलं. ती नुसती बघत बसली.

तेवढ्यात दारात माणिक. सासूशी वाद घालून, अवघडलेल्या पोटानिशी, पिशवी घेऊन आलेली. तिला मी सगळं सांगितलं.

"आई, नवस माझ्यासाठीच ना केलास?" तिनं विचारलं.

वहिनीनं मान हलवली.

"मग मीच सोडवते." माणिक कशीबशी खाली बसली, बांगड्याचा काटा काढला आणि घास आईच्या तोंडाशी नेला. वहिनीनं आधी वर देव्हाऱ्याकडे बघितलं, मग लेकीच्या पोटाकडे. डोळे भरून आले तिचे, माझेही.

घास गिळून ती एवढंच म्हणाली, "मीठ कमी पडला गे." दुसरा घास तिनं आपल्या हातानं घेतला.