डोळे आखणारा दामू

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझं सगळं ओळखून होती. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

दामू माझा शाळेपासूनचा मित्र. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींना अंगाचा रंग द्यायचो, तो डोळे आखायचा. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते सगळ्यांना जमत नाहीत. पोरवयातच त्याचा हात असा स्थिर, की मालकसुद्धा त्याच्याशी हळू बोलायचे. मग तो मिलिटरीत गेला, लढाई झाली, तो परत आला. अंगावर ओरखडा नाही. पण कुंचला डोळ्यापाशी नेला की हात थरथरायचा.

खाडीच्या बांधावर एकदा त्याने कारण सांगितलं. खंदकात शेजारचा पोरगा गेला, उघड्या डोळ्यांनी. मदत येईपर्यंत दामू त्याच्याजवळ बसून राहिला. ते डोळे मिटायचं त्याला धाडस झालं नाही. एवढंच — एवढंच सांगितलं होतं ना त्याने? हो. एवढंच.

मी तेव्हा गोष्टी लिहायचो. एवढ्यावर गोष्ट उभी राहीना. म्हणून माझ्या गोष्टीतला जवान हाका मारणाऱ्या जखमी मित्राला टाकून पळतो, आणि गावी आल्यावर त्याला मूर्तीचे डोळे आखता येत नाहीत. नाव बदललं होतं. पण पेणमध्ये असा दुसरा कोण होता? गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. युद्ध कोवळ्या पोराचं काय करतं ते छान दाखवलंस, असं लोक म्हणाले. मी मान डोलावली. काय दाखवलं होतं मी?

कारखान्यात माती मळणाऱ्या एकीने दामूच्या बायकोला विचारलं, "काय गो, त्या गोष्टीतला पळपुटा तुझाच ना?" सगळ्या हसल्या. ती खाली बघून माती मळत राहिली. मालक माझ्याकडे वळले. "खरं हाय काय रे?"

"गोष्ट हाय ती," मी म्हणालो. आणि हसलो — असा, की त्यांनी काय समजायचं ते समजावं.

का हसलो? त्याच्या हाताचा हेवा होता? की गोष्ट खरी वाटतेय, हे सुख सोडवेना? दर वेळी वेगळं उत्तर येतं.

दामू रोह्याला कंपनीत लागला, वरसे गावात घर बांधलं. मला कधी काही बोलला नाही. मी गेलो की चहा ठेवायला सांगायचा.

गेल्या वर्षी त्याचं विसरणं वाढलं. मला मात्र ओळखायचा. ओटीवर बसलो होतो. मध्येच म्हणाला, "मी पळालो ना रे तेव्हा? पोरगा हाका मारत व्हता. तुलाच सांगितलं व्हतं मी."

हाका माझ्या होत्या. मी लिहिलेल्या.

"नाही," एवढंच मला म्हणायचं होतं. त्याची बायको कप घेऊन दारात थांबली होती, माझ्याकडे बघत. कदाचित इतकी वर्षं तेवढ्यासाठीच थांबली असेल.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. "जुनं झालं."

तिने कप ठेवले आणि आत गेली.

पावसाआधी दामू गेला. तो पळाला नव्हता. तो त्या पोराजवळ बसून राहिला होता. मला हे पहिल्यापासून माहीत होतं.