फिशटँकमधल्या शेवया

आता हे तुम्हाला सांगू की नको, असं दरवेळी वाटतं. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. एवढंच की ज्याच्यावर हसायचं तो माणूस तुमच्यासमोर बसलाय, जरा बेतानं हसा.

दोन हजार सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होतो. बॉयलरला कुठलं पाणी चालेल, कुठलं नाही, हे मी सांगायचो. त्यामुळे पाणी या विषयात मला कोणी काही शिकवावं, असं मला कधी वाटलं नाही.

अशा माणसानं घरात फिशटँक ठेवला तर तो साधा असेल का? मी खाऱ्या पाण्याचा ठेवला. नाशिकरोडला, कसारा घाटाच्या वर, आमच्या हॉलमध्ये चक्क समुद्र! वंदना, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली होती की साधे मासे काय वाईट? मी तिला पाण्याच्या क्षारांवर व्याख्यान दिलं. मुंबईहून खास मीठ आणलं, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणले आणि समुद्रातून काढलेला एक भोकाभोकांचा दगडही आणला. दुकानदार त्याला ‘जिवंत दगड’ म्हणाला. दगड जिवंत कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. सगळं माहीत असलेली माणसं विचारत नाहीत.

मे महिन्यात सासूबाई चांदवडहून आल्या. लेकीला वर्षभराच्या शेवया करून द्यायला त्या दर उन्हाळ्यात यायच्या. हातशेवया हो, मशीनच्या नाहीत. रव्याची कणीक ओढत ओढत केसाइतकी बारीक करायच्या आणि गॅलरीत खाटेवर वाळत टाकायच्या. आख्ख्या गल्लीतल्या बायका बघायला यायच्या.

आणि एका सकाळी मला टँकमध्ये शेवई दिसली.

पांढरी, लांब, बारीक. दगडाजवळ वाळूवर पडलेली. शेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. मी एकदा गॅलरीकडे बघितलं, एकदा फिरणाऱ्या पंख्याकडे, आणि निकाल देऊन टाकला. शेवया उडून पाण्यात पडतायत. पिठूळ पाण्यात मासे मरणार.

सासूबाई म्हणाल्या, शेवया इथवर येतील कशा? मी त्यांना वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. मग गॅलरीच्या दाराला चादर लावली, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. मे महिन्यात! वंदना घाम पुसत माझ्याकडे बघायची.

तरी शेवया वाढल्या.

मग मी सासूबाईंना गच्चीवर पाठवलं. बिचाऱ्या पाट, परात घेऊन तीन मजले चढल्या, डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसल्या. मी टँकचं पाणी बाटलीत भरून थेट प्रयोगशाळेत नेलं. सहकाऱ्यानं विचारलं, हे कुठल्या बॉयलरचं? मी म्हटलं, घरचं आहे. त्यानं पुढे काही विचारलं नाही. पाणी अगदी स्वच्छ निघालं, पिठाचा अंशही नाही. आता इथे कोणालाही शंका आली असती. मला आली नाही. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की तुमच्या शेवया फार चिवट आहेत, इतके दिवस भिजूनही विरघळत नाहीत.

हे मात्र त्यांना लागलं. तीस-चाळीस वर्षं शेवया करणाऱ्या बाईला चिवट म्हणायचं? त्यांनी पाट धुऊन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. वंदनानं मला आत बोलावून शांतपणे सांगितलं, “आई आज अशी गेली, तर पुन्हा या घरात यायची नाही. आणि तिला आणायला मी तिकडे गेले, तर मीही लवकर यायची नाही.”

मी म्हटलं, पुरावा दाखवतो. दोघींना टँकसमोर उभं केलं. लांब चिमटा घेतला, बाही वर केली आणि सगळ्यात लांब शेवईला अलगद चिमट्यात धरलं.

शेवई सुटली आणि सरसर करत दगडाच्या भोकात निघून गेली. तिच्या मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली. वाळू स्वच्छ.

माझा हात कोपरापर्यंत पाण्यात, तो बाहेर काढायचंही सुचेना. सासूबाई खाली वाकल्या, काचेतून नीट बघितलं आणि म्हणाल्या, “जावईबापू, आमच्या शेवया चिवट असतील, पन पळत नाय हो.”

मी कपडेही न बदलता सायबर कॅफे गाठला. तासभर शोधल्यावर फोटो सापडला. हुबेहूब तीच. तो समुद्रातला एक किडा निघाला. अंग दगडाच्या भोकात लपवतो आणि पांढऱ्या दोऱ्यांसारख्या लांब सोंडा बाहेर सोडून माशांचं उरलंसुरलं अन्न ओढून नेतो. दगडातूनच आलेला. माशांना काही त्रास नाही, उलट टँक साफ ठेवतो. आणि इंग्रजीत त्याचं नाव काय असावं? स्पॅगेटी वर्म! म्हणजे शेवयांचा किडा!

माझा जीव भांड्यात पडला. येताना सायकल अशी मारली, की काय सांगू. घरात शिरलो तर सासूबाई चपला घालून दारातच, वंदना पिशवी धरून बाजूला. मी छाती काढून सांगितलं की मी काही अगदीच चुकलो नव्हतो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो शेवयांसारखाच दिसला, त्यांनी नावसुद्धा तेच ठेवलंय.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चपला काढल्या. पिशवी वंदनाच्या हातातून घेऊन आत ठेवली. मग मला म्हणाल्या, “आसंल. शास्त्रज्ञांनाबी शेवया दिसल्या आसतील. पन त्यांनी काय सासूला गच्चीवर नाय धाडलं.”